मोटारसायकलवर संगणक न्यायचा असेल तर

मे महिना उजाडला की पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-नागपूरपर्यंतच्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो : 'लडाखला निघालोय, सोबत न्यायला छोटा लॅपटॉप कुठला घेऊ?' उत्तरांना तोटा नसतो. कुणी स्वतःकडे आहे त्याचीच भलामण करतो, कुणी लष्करी बनावटीच्या मशिनचा फोटो टाकतो, कुणी थेट सवलतीच्या सेलची लिंक देतो. तुला तिथं त्याच्यावर करायचं काय आहे, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती ही. दुकानात पाऊल टाकण्याआधी एका कागदावर लिहा, की दिवसभर गाडी चालवून, हातपाय धुऊन, जेवून झाल्यावर उरलेल्या तासाभरात तुम्ही त्या संगणकावर नेमकं काय करणार. खरं लिहा. रोज प्रवासवर्णन लिहीन, रोज व्हिडिओ एडिट करीन, असं निघताना सगळ्यांनाच वाटतं. दहा तास खड्डे आणि घाट झेलून आलेला माणूस जेवणाच्या ताटावरच पेंगत असतो.

फोटो उतरवून ठेवणं, नकाशा बघणं, उद्याच्या मुक्कामाचं बुकिंग, घरी व्हिडिओ कॉल, एवढंच त्या कागदावर आलं तर संगणक नेऊ नका. टाइप-सी असलेल्या आजच्या बहुतेक फोनला कार्ड रीडर किंवा खिशात मावणारी एसएसडी सरळ जोडता येते. गुगल मॅप्सवरचा हवा तो भाग घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवता येतो. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही ॲप तर नेटशिवाय चालण्यासाठीच बनलेली आहेत. गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असतात. लिहायचंच असेल तर फोनला एक घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. फक्त तो घेताना दुकानातच मराठीत चार ओळी टाइप करून पाहा. फोनच्या पडद्यावरचा मराठी कीबोर्ड आणि बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवरचं मराठी यांची मांडणी सारखीच असेल असं नाही, आणि 'क्ष', 'र्‍या' कुठून काढायचं याचा शोध काझाच्या थंडीत घ्यायची वेळ येऊ नये.

मग संगणक खरोखर लागतो कुणाला? रोज शेकडो रॉ फोटो चाळावे लागणाऱ्या छायाचित्रकाराला. वाटेतूनच मजकूर किंवा व्हिडिओ पाठवायचं काम अंगावर घेतलेल्याला. आणि हिंजवडीतल्या त्या माणसाला, ज्याला रजा आठच दिवस मिळाली आणि उरलेले दिवस मनालीच्या होमस्टेमध्ये बसून काम करायचंय. या शेवटच्या गृहस्थापुढे निवडीचा प्रश्न नाही, कंपनीनं दिलाय तोच त्याला न्यावा लागणार. पण तो मोटारसायकलवरून न्यायला परवानगी आहे का आणि हरवला तर भुर्दंड कुणाचा, हे साहेबांना मेलवर विचारून ठेवावं. तोंडी होकारावर राहू नये.

पुढचं सगळं बाकीच्यांसाठी.

२००७ साली असूस कंपनीनं 'ई पीसी' नावाचा एक चिमुकला लॅपटॉप काढला होता. ७ इंची पडदा, एक किलोच्या आत वजन, साठवणीची जागा अवघी ४ जीबी. आज चेष्टाच वाटेल. पण भटक्या लोकांनी तो उचलून धरला, त्याला तीन कारणं होती. तो कुठंही मावायचा. त्यात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती. आणि तो इतका स्वस्त होता की हरवला, फुटला तरी प्रवासावर विरजण पडत नसे. पुढे टॅबलेट आले आणि ही जातच संपली. संगणक बदलले, पण गाडीवर न्यायचा असेल तर कसोटी अजून याच तीन गोष्टींची आहे. दुकानदार तुम्हाला प्रोसेसर आणि ग्राफिक्सबद्दल बोलत राहील. तुम्ही वजन, डिस्क आणि किंमत बघा.

डिस्कचं आधी सांगतो, कारण जुना लॅपटॉप 'तसाच पडून आहे, नेऊ या' म्हणून निघणारे इथंच फसतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० फेऱ्यांनी तबकडी फिरत असते आणि वाचणारं टोक तिला न टेकता हवेच्या अतिपातळ थरावर तरंगत असतं. हवा विरळ झाली की टोक खाली येतं. म्हणूनच बहुतेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालू अवस्थेतली कमाल उंची ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट, अशी दिलेली असते. मनाली या मर्यादेच्या खूप खाली आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, आणि सरचू-पांगचे तंबू ४,००० मीटरच्याही वर. डिस्क बंद ठेवून नुसती वाहून नेली तर उंचीचा त्रास नाही; तिथं चालू केली की धोका. शिवाय दिवसभराचे धक्के वेगळेच. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून जुनी डिस्क काढून एसएसडी बसवून घ्या. एसएसडीत हलणारा भागच नाही. आणि हे फोटोंच्या बॅकअपसाठी नेलेल्या सुट्या हार्ड डिस्कलाही तितकंच लागू आहे. लॅपटॉपला एसएसडी बसवून बॅकअपला तीच जुनी फिरती डिस्क नेणारे भरपूर भेटतात.

एसएसडीवाल्या लॅपटॉपनाही कंपन्या उंचीची मर्यादा सांगतात. ॲपलसुद्धा मॅकबुकची चाचणी १०,००० फुटांपर्यंत केल्याचं लिहिते. विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते, हे एक कारण. पण लेहमधल्या बँका आणि सरकारी कचेऱ्या रोज संगणकांवरच चालतात, तेव्हा घाबरायला नको. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करत बसू नका, इतकाच त्याचा अर्थ.

आकारासाठी सोपी युक्ती आहे. १३ इंची लॅपटॉप साधारण ए-फोर कागदाएवढा असतो. तुमच्या टँक बॅगेत किंवा सॅडल बॅगेत ए-फोर आकाराची जाड फाइल भोवती दोन बोटं जागा सोडून बसते का, ते बघा. बसत असेल तर १३ इंची चालेल. बसत नसेल तर १० ते १२ इंचांवर या. १५.६ इंची लॅपटॉपचा विचार करू नका. तो फक्त पाठीवरच्या सॅकमध्ये जातो, आणि पाठीवर काय न्यावं याबद्दल पुढे बोलायचं आहे. वजनात चार्जरही धरा. जुन्या लॅपटॉपच्या चार्जरचा तो काळा ठोकळा आणि जाड वायर मिळून पाव-अर्धा किलो सहज भरतं.

आता विजेचं, कारण खरी गंमत तिथं आहे.

'गाडीवर चार्जर बसवलाय, चार्ज होईल' असं म्हणणाऱ्यानं एक हिशेब करावा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट आणि ३-४ अँपियर-अवरची असते. म्हणजे तिच्यात एकूण ३६ ते ४८ वॉट-अवर वीज. ४११ सीसीच्या हिमालयनची बॅटरी ८ अँपियर-अवरची, म्हणजे ९६. आणि छोट्या लॅपटॉपची बॅटरी किती? ४० ते ६० वॉट-अवर. अर्थात छोट्या गाडीच्या बॅटरीपेक्षा लॅपटॉपचीच बॅटरी मोठी निघू शकते. ढाब्यावर गाडी बंद, चावी चालू आणि लॅपटॉप लावलेला, असा उद्योग केलात तर नंतर गाडी ढकलत सुरू करावी लागेल. इंजिन चालू असताना तरी काय, एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही जळतोच. छोट्या गाडीत लॅपटॉपला द्यायला वीज उरत नाही. शिवाय हँडलवरचे बहुतेक साधे यूएसबी चार्जर ५ व्होल्ट आणि २ अँपियर, म्हणजे १० वॉट देतात. लॅपटॉपला लागतात ४५ ते ६५ वॉट, आणि तेही २० व्होल्टवर. शंका असेल तर चार्जरवर बारीक अक्षरात छापलेलं वाचा.

त्यामुळे चालत्या गाडीवर लॅपटॉप चार्ज करायचं डोक्यातून काढून टाका. धक्क्यांनी त्याचं टाइप-सी पोर्ट सैल होतं आणि एका सरीत सगळंच संपतं. मध्ये पॉवर बँक ठेवा. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॉट-अवर असतात. हानी वजा जाता पन्नास-साठ हाती लागतात, म्हणजे छोटा लॅपटॉप साधारण एकदा भरतो. ती घेताना 'पीडी' आणि निदान ४५ वॉट आउटपुट असं लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर फोन भरेल आणि लॅपटॉप ढिम्म हलणार नाही. बरेच जण गाडी रेल्वेनं पुढे पाठवून स्वतः विमानानं जातात. त्यांनी पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी, चेक-इन सामानात ती चालत नाही. १०० वॉट-अवरच्या वर गेलात तर विमान कंपनीची परवानगी लागते. ७४ त्यात आरामात बसते.

यावरून खरेदीचा माझा सगळ्यात ठाम नियम निघतो : टाइप-सीवर चार्ज न होणारा लॅपटॉप गाडीवरच्या प्रवासासाठी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. लॅपटॉप, फोन, कॅमेरा, पॉवर बँक या सगळ्यांना मिळून ६५ वॉटचा एकच चार्जर पुरला पाहिजे. तो हरवला तर मनालीत किंवा लेहमध्ये दुसरा मिळू शकतो. गोल पिनचा, खास त्याच मॉडेलचा चार्जर तिथं कोण देणार? सोबत एक छोटा एक्स्टेंशन बोर्डही असू द्या. डोंगरातल्या होमस्टेमधले सॉकेट सैल असतात आणि जड चार्जर त्यातून गळून पडतो. शिवाय तंबूत चार जणांत एकच प्लग असतो, तेव्हा बोर्डवाल्याला लोक दुवा देतात.

कुठला घ्यावा? नवाच हवा आणि पैसे आहेत, तर पंखा नसलेला घ्या. २०२० नंतरची मॅकबुक एअर पंख्याविना चालते, वजन सव्वा-दीड किलोच्या आत. पंखा नसला की धूळ आत ओढली जात नाही, आणि पँगाँगच्या वाटेवरची धूळ ही साधीसुधी धूळ नव्हे. पण एवढं महागाचं यंत्र गाडीला बांधून ढाब्यावर निवांत चहा पिता येईल का, हे स्वतःला विचारा. दर पाच मिनिटांनी मान वळवून बॅग बघावी लागत असेल तर ते ओझं नको.

माझं मत सेकंडहँडच्या बाजूनं आहे. कंपन्यांनी वापरून काढलेले १२.५ इंची लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला भरपूर मिळतात. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स २८० हे त्यातलं चांगलं उदाहरण : सव्वा किलोच्या आत वजन, टाइप-सीवर चार्ज होतो, कीबोर्ड मजबूत. त्याचाच थोरला भाऊ एक्स २७० आणखी स्वस्त मिळेल, पण थांबा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. एक्स २७० मध्ये तो नाही. दुकानदार 'चालतं की हो, टाकून देतो' म्हणेल. तसं टाकलेलं विंडोज अर्ध्या वाटेत अपडेट नाकारू शकतं. प्रोसेसरच्या नावात आय-फाइव्हनंतर ८ नं सुरू होणारा चार आकडी क्रमांक आहे का, हे स्वतः स्क्रीनवर वाचा. एक्स २८० मध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून ८ जीबीवालाच घ्या. आणि बॅटरी किती दमली आहे ते दुकानातच तपासा. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवला की कळतं.

ऑनलाइन सेलमधले नवे, अगदी स्वस्त, ११ इंची लॅपटॉप मात्र टाळा. त्यातल्या कित्येकांत ६४ जीबी ईएमएमसी साठवण असते. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबी आहे. म्हणजे तुमच्या फोटोंना जागा किती, हा हिशेब शाळकरी मुलगाही करील. टॅबलेटचं म्हणाल तर, टाइप-सीवाला आयपॅड किंवा चांगला अँड्रॉइड टॅबलेट कीबोर्डसह लिहिणाऱ्याला पुरतो. मायक्रोसॉफ्टचा सर्फेस गो सेकंडहँड मिळाला तर तोही पाहा. १० इंची आणि कीबोर्डविना अर्ध्या किलोच्या आसपास.

'मिल-एसटीडी-८१०' या शिक्क्याला भुलू नका. ते अमेरिकी लष्कराचं चाचणीपद्धतींचं पुस्तक आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या आणि किती कडक, हे कंपनी स्वतः ठरवते. मुंबई-गोवा महामार्गाची चाचणी त्यात नाही. खरेखुरे दणकट लॅपटॉप असतात, पॅनासॉनिकचे टफबुक वगैरे, पण त्यांचं वजन आणि किंमत बघता ते खाण अभियंत्याला शोभतात. त्याच पैशात चांगला जलरोधक पाऊच आणि दुसरी एसएसडी येईल.

ठेवायचं कुठं? पाठीवर नको. पाठीवर धक्के कमी बसतात हे खरं, पण गाडी घसरून उताणे पडलात तर मणक्याखाली धातूची पाटी येते. मागचा टॉप बॉक्स चाकाच्याही मागे असतो, तिथं सगळ्यात जास्त आदळआपट. टँक बॅग उत्तम : दोन चाकांच्या मध्ये, नजरेसमोर, आणि उतरलात की काढून हातात. चुंबकाची टँक बॅग असली तर एसएसडीला काही होत नाही. सॅडल बॅगेत ठेवणार असाल तर कपड्यांच्या मधोमध, उभा. आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून ठेवा. नुसता झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉप बॅगेत आपोआप जागा होतो, तापत राहतो आणि संध्याकाळी बॅटरी शून्य. कोकणात पावसात निघणाऱ्यांनी 'रेन कव्हर'वर विसंबू नये. तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग घ्यावी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

लडाखला जाणारा आपला माणूस थंडीची जय्यत तयारी करतो, पण त्याच्या संगणकाची खरी परीक्षा वाटेतल्या उन्हात असते. जूनमध्ये नागपूर, झाशी, ग्वाल्हेर या पट्ट्यात पारा ४५ ला जातो. ॲपल आपली यंत्रं बंद ठेवून साठवण्यासाठीही ४५ अंश हीच वरची मर्यादा सांगते. उन्हात उभ्या गाडीवरच्या काळ्या बॉक्समध्ये त्याहून जास्त होतं. जेवायला थांबलात की बॅग सावलीत न्या. वर गेल्यावर उलट काळजी : शून्याखालच्या थंडीत लिथियम बॅटरी चार्ज केली की ती कायमची खराब होते. रात्री लॅपटॉप आणि पॉवर बँक पांघरुणात घ्या, आणि बाहेरून गरम तंबूत आणलं की लगेच सुरू करू नका. आत दव धरलेलं असतं, ते उडू द्या. फोनबद्दलही एक : शक्तिशाली इंजिनांच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनंच २०२१ मध्ये जाहीर सांगितलं. हँडलवर फोन लावायचाच तर कंपन शोषणारा माउंट घ्या.

आता राहिला मालाचा प्रश्न. माल म्हणजे तुमचे फोटो आणि व्हिडिओ. लॅपटॉप पुन्हा मिळतो. ६० मेगाबिटनं फोर-के व्हिडिओ घेतलात तर तासाला २७ जीबी भरतात. स्पितीतल्या नेटवरून ते गुगल ड्राइव्हला चढतील ही आशा सोडा. लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालतच नाही. पोस्टपेड करून घ्या, निदान ग्रुपमध्ये दोघांचं तरी वेगवेगळ्या कंपन्यांचं असू द्या. रोज रात्री कार्डावरचा माल एसएसडीवर उतरवा, दुसरी प्रत लॅपटॉपवर. एसएसडी जॅकेटच्या आतल्या खिशात, लॅपटॉप बॅगेत. दोन्ही एकाच बॅगेत ठेवलेत तर बॅग गेल्यावर दोन्ही गेले. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. जास्तीची दोन कार्डं नेणं सगळ्यात स्वस्त. लॅपटॉपला पासवर्ड आणि डिस्कला एन्क्रिप्शन लावा, म्हणजे चोराला यंत्र मिळेल, तुमचं बँकखातं मिळणार नाही.

शेवटचं एक काम करा. निघण्याच्या दोन आठवडे आधी सगळं सामान जसं नेणार तसं बांधा आणि ताम्हिणीतून माणगावला जाऊन या, किंवा तुमच्या जवळ जो खराब रस्ता असेल त्यावरून. मुद्दाम दुपारी जा. परत आल्यावर लॅपटॉप उघडा, पॉवर बँकेवरून चार्ज करा, कार्ड उतरवा, मराठीत अर्धं पान लिहा. बिजागरी सैल झाली, केबल चालत नाही, बॅगेचा पट्टा घासतोय, असं जे काही निघेल ते इथंच दुरुस्त करून घ्या. केलाँग सोडलं की लॅपटॉप दुरुस्त करून मिळेल असं गाव लेह येईपर्यंत लागत नाही.